आमची मोजदाद : हंटर ते सच्चर

मुसलमान शिक्षणात मागे का, हा प्रश्न दीडशे वर्षांपासून विचारला जातो. प्रश्न तोच राहिला. विचारण्याची रीत मात्र बदलत गेली.

१८७१ साली डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर या इंग्रज अधिकाऱ्याने भारतीय मुसलमानांवर पुस्तक लिहिले. त्याच्यासमोर होता मुख्यतः बंगाल. पुढे तेच चित्र साऱ्या हिंदुस्थानच्या मुसलमानांना चिकटवले गेले. मुंबईची परिस्थिती वेगळी होती. इथे १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. १८८२ साली हंटर यांच्याच अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याने मुसलमानांच्या तालीमसाठी खास शिफारशी केल्या.

स्वातंत्र्यानंतर गोपाल सिंग समितीने १९८३ मध्ये अहवाल दिला. पण चर्चा पालटली ती २००६ च्या सच्चर अहवालाने. मुसलमानांची मुले मदरशातच जातात, हा समज त्याने आकड्यांनी खोडला. शाळकरी वयाच्या मुलांपैकी मदरशात शिकणारी सुमारे ३ टक्केच निघाली. उलट ६ ते १४ वयोगटातील २५ टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच गळाली होती. म्हणजे दोष केवळ पालकांच्या मनोवृत्तीचा नव्हता. जवळ शाळा आहे का, मुलींसाठी सोय आहे का, घरी दोन वेळची भाकर आहे का, हे प्रश्न संशोधनात आले.

आकड्यांतही चकवा असतो. २००१ च्या जनगणनेत देशातील मुसलमानांची साक्षरता ५९.१ टक्के होती. महाराष्ट्रात मात्र ती ७८.१, म्हणजे राज्याच्या ७६.९ या सरासरीहूनही जास्त! आम्ही खूश व्हावे काय? इथला मुसलमान बहुतांशी शहरात राहतो आणि शहरांची साक्षरता गावांहून जास्तच असते. शिवाय जनगणनेत साक्षर म्हणजे सात वर्षांवरील, समजून लिहिता-वाचता येणारी व्यक्ती. ती कितवीपर्यंत शिकली, हे त्या आकड्यात दिसत नाही. राज्य शासनाने २००८ मध्ये महमूदूर रहमान समिती नेमली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. तोवर आमच्या कित्येक मुली सातवी होऊन घरी बसल्या होत्या.

त्यांपैकी एक आम्हाला विसरता येत नाही. वर्गात पहिली यायची. गावात उर्दूची आठवी नव्हती आणि तालुक्याला एकटी पाठवायला घरचे तयार नव्हते. शाळा सोडल्याच्या दाखल्यात कारणाचा रकाना असतो. त्यात आम्ही लिहिले, ‘पालकांच्या विनंतीवरून.’ विनंती पालकांची होती हे खरे, पण कारण ते नव्हते.

वाचकहो, समित्या येतील, अहवाल निघतील. पण त्यांचे आकडे आमच्यासारख्यांच्या लेखणीतूनच निघतात. निदान त्या एका रकान्यात तरी आम्ही खरे लिहायला हवे होते.