शस्त्रक्रियापूर्व फुप्फुस-मूल्यमापन (प्रौढ रुग्णांचे)

शस्त्रक्रियेपूर्वी प्रौढ रुग्णाच्या श्वसनसंस्थेची स्थिती तपासून, पुढे न्यूमोनिया होणे, वायुकोश मिटून फुप्फुसाचा भाग निकामी होणे, श्वासनलिका आकसणे किंवा कृत्रिम श्वसनाची गरज भासणे यांचा धोका किती आहे हे ठरवण्याची व तो कमी करण्याची वैद्यकीय प्रक्रिया. व्यवहारात तिला पुष्कळदा केवळ ‘फिटनेस’च्या कागदाचे रूप येते, वास्तविक रुग्ण योग्य की अयोग्य एवढाच निवाडा तिच्यात अभिप्रेत नाही.

संपूर्ण भुलीत स्नायू सैलावतात, श्वासपटल छातीकडे सरकते आणि उच्छ्वासानंतर फुप्फुसांत शिल्लक राहणारी हवा घटते, त्यामुळे उताण्या रुग्णाच्या पाठीकडील वायुकोश मिटू लागतात. छाती किंवा वरचे पोट उघडले असेल, तर वेदनेमुळे रुग्ण खोल श्वास घेणे आणि खोकणे टाळतो व कफ साचत जातो. म्हणूनच छेद श्वासपटलाच्या जितका जवळ तितका धोका अधिक, आणि दम्याच्या रुग्णाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन हे निरोगी दिसणाऱ्या वृद्धाच्या जठरावरील तातडीच्या शस्त्रक्रियेपेक्षा फुप्फुसांच्या दृष्टीने सहसा सुरक्षित ठरते.

मूल्यमापनाचा कणा म्हणजे रुग्णाची नीट विचारपूस. धूम्रपान, धाप, कफ, घोरणे, जिना चढण्याची क्षमता यांबरोबरच भारतात विडी, जुना क्षयरोग आणि चुलीचा धूर यांविषयीही विचारावे लागते. कधीही धूम्रपान न केलेल्या ग्रामीण स्त्रीलाही चुलीपुढच्या वर्षांमुळे श्वासनलिकांचा दीर्घकालीन अडथळा, म्हणजे सीओपीडी, जडलेला असू शकतो. स्पेनमधील अभ्यासातून 2010 मध्ये मांडलेली ‘अरिस्कॅट’ गुणपद्धती वय, रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण, महिन्याभरातील श्वसनसंसर्ग, डेसिलिटरमागे 10 ग्रॅम वा त्याहून कमी हिमोग्लोबिन, छेदाची जागा, दोन तासांहून अधिक कालावधी आणि तातडी या सात घटकांवर धोका मोजते. यांतील एकाही घटकासाठी महागडे यंत्र लागत नाही.

जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्ये वर्णिलेल्या स्पायरोमीटरची आजची रूपे श्वासाचे आकारमान व वेग दाखवतात. तथापि ही चाचणी (स्पायरोमेट्री) किंवा छातीचा एक्स-रे सरसकट करण्याने निर्णय क्वचितच बदलतो. धाप लागण्याचे कारण उमगत नसेल तेव्हा स्पायरोमेट्री उपयोगी पडते. फुप्फुसाचा भाग काढायचा असेल तेव्हा मात्र ती अनिवार्य होते, कारण तेथे पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा आणि वायुविनिमयाची क्षमता मोजून, उरणारे फुप्फुस किती काम करील याचा आधीच अंदाज बांधावा लागतो; ही अपेक्षित मूल्ये सामान्याच्या 60 टक्क्यांहून अधिक असल्यास धोका कमी मानतात, तर 30 टक्क्यांखाली गेल्यास व्यायामचाचणीत शरीराचा ऑक्सिजनवापर मोजला जातो.

निष्कर्षानुसार चार आठवडे वा अधिक आधी धूम्रपान थांबवणे, श्वासनलिका रुंदावणारी औषधे नियमित करणे, खोल श्वसनाचे व्यायाम शस्त्रक्रियेआधीच शिकवणे आणि ताजा संसर्ग असल्यास नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलणे हे उपाय योजतात. तातडीच्या प्रसंगी इतकी सवड नसते. तेव्हा भूलतज्ज्ञ शक्य तेथे केवळ शस्त्रक्रियेचा भाग बधिर करतो आणि नंतरच्या वेदनाशमनावर भर देतो.