सूफियाना ताट

बुऱ्हाणपूर शहरात इतवारा नावाची एक वस्ती आहे. नावातच इतवार, म्हणजे रविवार आहे. तापीकाठचे हे शहर फारूकी सुलतानांची राजधानी म्हणून वाढले आणि पुढे मोगलांच्या दक्षिणेकडील कारभाराचे ठाणे झाले. आज ते मध्य प्रदेशात असले, तरी त्याच्या बोलण्यात मराठी, हिंदी, उर्दू आणि गुजराती एकमेकींत मिसळतात. ताटातही तसेच घडते. या रविवारच्या नावावरून आम्हांस मोगल इतिहासातला एक रविवार आठवतो. त्याचा संबंध बाजाराशी नसून मुदपाकखान्याशी आहे.

अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त लिहून ठेवले आहे की, बादशहाने मांस वर्ज्य करण्याचे दिवस हळूहळू वाढवीत नेले. त्यांत रविवार होते, ग्रहणाचे दिवस होते, फरवर्दीन महिना होता आणि बादशहाचा जन्ममास आबानही होता. १६०५ मध्ये गादीवर आलेल्या जहांगीराने हाच धागा पुढे नेला. आपल्या राज्यारोहणाचा वार म्हणून गुरुवारी आणि पित्याच्या जन्माचा वार म्हणून रविवारी पशुहत्येस त्याने मनाई केली. खुद्द अकबर १६०० मध्ये असीरगडाच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरास येऊन राहिला होता, अबुल फजलही त्या मोहिमेत होता, आणि जानेवारी १६०१ मध्ये गड हाती आला. तेव्हा वेढ्याच्या त्या दिवसांतले रविवार बादशाही स्वयंपाक्यांनी याच मुलखात पाळले असणार. तोफांच्या आवाजात बिनमांसाचे ताट वाढले जात आहे, हे चित्र इतिहासकारांनी फारसे रंगविलेले नाही. आम्हांस मात्र ते गडाच्या फितुरीच्या कथांहून अधिक बोलके वाटते.

त्या ताटात काय असे? 'आईन'ने शिजवलेल्या अन्नाचे तीन वर्ग केले आहेत. मांस आणि भात एकत्र असलेले पदार्थ हा एक, मसाल्यात शिजवलेले मांस हा दुसरा, आणि या दोहोंच्या आधी मांस मुळीच नसलेले पदार्थ. या पहिल्या वर्गाचे नाव सूफियाना. जर्द बिरिंज म्हणजे केशरी भात, खुश्का म्हणजे साधा भात, खिचडी, शीर बिरिंज म्हणजे खीर, पाहित म्हणजे आपले वरण, साग, हलवा, बादिंजान म्हणजे वांगे: यादी वाचताना खानदेशी वाचकास परकेपणा वाटू नये. परंतु त्याच यादीत 'चिखी' नावाचा एक पदार्थ आहे, आणि आमचे सारे कुतूहल त्याच्यापाशी येऊन थांबते.

चिखीची कृती अशी. दहा शेर गव्हाचे पीठ मळावे आणि पाण्याखाली इतके धुवावे की, दोन शेर गोळा उरावा. मग त्यास एक शेर तूप, एक शेर कांदा, केशर, वेलदोडे, लवंगा, दालचिनी, मिरी, धने, आले आणि मीठ लावून शिजवावे. कोणी त्यात लिंबाचा रसही घालीत. मळलेली कणीक पाण्यात चोळून धुतली की, पिष्ट पांढऱ्या पाण्याबरोबर निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट, तंतुमय गोळा राहतो, हे कोणत्याही गृहिणीने करून पाहावे. तो गोळा म्हणजे गव्हाचे प्रथिन. तो शिजला की दाताखाली मांसासारखा ताण देतो. आठ शेर पीठ वाहून जाऊ द्यावयाचे आणि दोन शेर चिवटपणा ठेवावयाचा, हा उद्योग पोट भरण्यासाठी कोणी करीत नाही. दाताला जे आठवते ते दाताला देण्यासाठीच तो केला जातो. चीनमध्ये बौद्ध मठांच्या स्वयंपाकात हाच गोळा शतकानुशतके वापरात आहे, जपानमार्गे पाश्चात्त्य बाजारात गेल्यावर त्याला 'सेतान' हे नाव १९६१ च्या सुमारास मिळाले, आणि मारवाडात आजही 'चक्की की सब्जी' या नावाने तो रश्श्यात शिजतो.

येथे एक गाठ सोडविली पाहिजे. ब्लॉकमनच्या इंग्रजी भाषांतरात चिखीच्या कृतीत मांसाच्या निरनिराळ्या प्रकारांचा उल्लेख येतो. मांसविरहित म्हणून सांगितलेल्या वर्गात मांस कसे आले? आम्हांस असे वाटते की, मांसाचे जे निरनिराळे प्रकार करतात त्या रीतीने हा गोळा शिजवावा, असाच तेथे आशय असावा. कांदा, मिरी, लवंग, दालचिनी हा सारा सरंजाम मांसाचाच आहे. साग किंवा पाहित यांच्या वाट्याला एवढा थाट आलेला नाही.

चवीच्या दृष्टीने हा सरंजामच महत्त्वाचा. १८६६ मध्ये रिटहाउसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने गव्हाच्या याच चिकट प्रथिनातून एक आम्ल वेगळे काढले, आणि त्यावरूनच त्याचे ग्लुटामिक आम्ल हे नाव पडले. १९०८ मध्ये टोकियोच्या इकेदा यांनी दाखवून दिले की, समुद्रशेवाळाच्या कढणाला जी भरीव, मांसरसासारखी रुची येते ती याच आम्लाच्या क्षारामुळे. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडची ही रुची. इकेदांनी तिला 'उमामी' म्हटले. मौज अशी की, ज्या गव्हात हे आम्ल सापडले त्याचा धुतलेला गोळा स्वतः अगदी अळणी लागतो. कारण आम्ल प्रथिनाच्या साखळीत बांधलेले असते आणि बांधलेल्याची चव जिभेला कळत नाही. म्हणून चिखीला दातांचे समाधान गव्हाकडून मिळते आणि जिभेचे समाधान तुपात लाल केलेल्या कांद्याकडून. खानदेशातील आणि विदर्भातील सुगरणींनी हे रसायनशास्त्राची वाट न पाहता ओळखले होते. भाजलेले सुके खोबरे, काळा होत आलेला कांदा आणि खडा मसाला यांच्या रश्श्यात पाटवडी सोडली, अथवा नुसती शेव सोडली, तरी मटणाच्या जेवणाची पंगत बसल्याचा भास होतो. भास वडीचा नसून रश्श्याचा असतो.

परंतु भास कोणाला होतो? सारा प्रश्न येथे आहे. काल मांस खाल्लेला आणि आज वार म्हणून न खाणारा मनुष्य चिखीकडे ज्या जिभेने पाहतो ती जीभ आठवणीने भरलेली असते. तो पदार्थाची मांसाशी तुलना करतो, उणेपणा मोजतो, आणि उणेपणा थोडा निघाला तर खूश होतो. ज्याने जन्मात मांस खाल्ले नाही त्याच्यापाशी ती मोजपट्टीच नाही. त्याला चिवट घास नुसता चिवट लागतो, आणि हे मांसासारखे आहे असे कोणी सांगितले तर तो ताट बाजूस सारतो. जे साम्य पहिल्याला सुख देते तेच दुसऱ्याला किळस आणते. बुऱ्हाणपुरासारख्या शहरात, जेथे मुसलमान, जैन, वैष्णव आणि मराठी घरे जवळजवळ नांदतात, एकाच पदार्थाविषयी हे दोन निवाडे एकाच गल्लीत ऐकू येतील. दोन्ही खरे आहेत.

जहांगीराची साक्ष या बाबतीत मोठी मनोरंजक आहे. गुजरातच्या दौऱ्यात त्याने बाजरीची खिचडी खाल्ली. ती त्याला रुचली आणि मानवली. त्याने हुकूम दिला की, मांस न खाण्याच्या दिवशी ही खिचडी आपल्यापुढे वरचेवर आणावी. स्वतःच्या आठवणींत त्याने ही गोष्ट नोंदविली आहे. शिकारीचा एवढा शौकीन, मांसाचा एवढा जाणता हा बादशहा. तरी वर्ज्य दिवशी त्याला मांसाच्या सोंगापेक्षा शेतकऱ्याची बाजरी बरी वाटली. बाजरी मांसाची आठवण करून देत नाही, म्हणून तिच्यात काही कमी पडत नाही. खानदेशच्या कोरडवाहू रानातल्या माणसाला हे सांगावयास बादशहा कशाला हवा, असे कोणी म्हणेल. तर तेही खरेच.

आता मोगली ताटावरून मराठी ताटाकडे वळू. जुन्नर-आंबेगाव भागात मासवडी करतात. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापावयाचे, आत तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण यांचे सारण भरून गुंडाळी करावयाची, आणि माशाचे तुकडे पाडावेत तशा वड्या कापावयाच्या. नावात मासा आहे, आकारात मासा आहे, पदार्थात मात्र माशाचा गंधही नाही. ज्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे त्यांच्या घरीही ती होते आणि कोणी दचकत नाही. कारण ती माशाच्या चवीचा दावा करीत नाही. नाव म्हणजे एक थट्टा आहे, आणि थट्टा सगळ्यांना ठाऊक आहे. बंगाल्यात फणसाला 'गाछपाठा', म्हणजे झाडावरचा बोकड, म्हणतात तोही याच जातीचा विनोद. गोमंतकात सोमवारी किंवा श्रावणात 'नुस्तें' वर्ज्य असते, तेव्हा नीरफणसाचीं, सुरणाचीं, वांग्याचीं कापां तिखटमिठात घोळून, रवा लावून, माशाच्या तुकड्यांसारखीच तव्यावर तळली जातात. शिवराक जेवण म्हणून ते कोणी रडतखडत जेवत नाही. नीरफणसाच्या कापांचे स्वतंत्र भक्त आम्ही पाहिले आहेत, आणि मासा ताटात असतानाही ते प्रथम कापाकडे हात नेतात.

येथपर्यंत मांसाची गोष्ट झाली. दुधाची गोष्ट निराळी आहे. सूफियाना पदार्थांत तूप शेराने ओतले जाई. आपल्याकडे मांस सोडणाऱ्याने दूध सोडावे असे परंपरेने कधी फारसे सुचविले नाही, उलट मांसाची उणीव दुधातुपाने भरून काढली. त्यामुळे दुधाला पर्याय शोधण्याची गरज उशिरा उत्पन्न झाली. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर गांधीजींनी दूध सोडले. गाईम्हशींवर होणारे क्रूर प्रकार हे त्याचे एक कारण होते. पुढे दुखण्यातून उठताना, कस्तुरबांच्या सूचनेवरून, ते शेळीच्या दुधावर आले आणि या तडजोडीची खंत त्यांनी आत्मकथेत लपविली नाही. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीनचे प्रयोग करविले व 'हरिजन'मधून त्यांची माहिती दिली. इंग्लंडात दूधही न घेणाऱ्यांची संस्था १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन यांनी काढली आणि 'व्हेजिटेरियन' शब्दाची पहिली तीन व शेवटची दोन अक्षरे जोडून 'व्हेगन' शब्द घडविला. पण आपल्या घराघरांत दुधाचा पर्याय शिरला तो या पुढाऱ्यांच्या वाटेने नव्हे. तो डब्यातून शिरला.

१९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आला. वनस्पती तेल हायड्रोजनच्या साहाय्याने गोठवून केलेले हे तूप दाणेदार दिसे, स्वस्त असे, आणि ज्या घरी साजूक तुपाचा दिवा सणालाच लागे तेथे रोजची पुरी त्यात तळली जाऊ लागली. ज्यांच्या जिभेवर साजूक तूप होते ते म्हणत, टाळूला मेण चिकटते. याला कारण होते. ज्या चरबीचा द्रवणबिंदू उंच ती तोंडाच्या उबेने पुरती वितळत नाही. ज्यांच्या जिभेवर ते नव्हते त्यांना डालड्याचा शिरा हाच शिरा होता, आणि त्याची चव आज पिकल्या केसांची माणसे प्रेमाने आठवतात. या दुसऱ्या पंक्तीची साक्ष त्या काळच्या वादात क्वचितच कोणी काढली. वाद पेटला तो भेसळीवरून. साजूक म्हणून विकलेल्या तुपात वनस्पती मिसळू लागले तेव्हा ते रंगवावे, ते बंद करावे, अशा मागण्या झाल्या. १९५० च्या सुमारास ठाकूरदास भार्गव यांनी बंदीचा प्रश्न संसदेत नेला. साजेसा, न उडणारा रंग मिळाला नाही. शेवटी तोड निघाली ती तिळाची: प्रत्येक डब्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती करण्यात आली, कारण तिळाचे तेल रासायनिक कसोटीस लाल रंग देते आणि भेसळ उघडी पडते. जिभेला जे ओळखता येईना ते परीक्षानळीकडे सोपविले गेले. त्याच तुपातील घातक मेदाम्लांमुळे त्याची पत पुढे घसरत गेली, आणि २०२२ पासून ट्रान्स मेदाचे प्रमाण २ टक्क्यांवर आणण्यात आले, हा त्या कथेचा उत्तरार्ध.

नावाचा तंटा मात्र मिटलेला नाही. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सोयाबीन, बदाम, ओट यांच्या पेयांना दूध म्हणण्यास हरकत घेतली. नारळाच्या दुधाला तेवढी सवलत राहिली. कोंकणी माणसास याचे हसू येईल, कारण तो त्याला मुळात दूध म्हणतच नाही, 'रोस' म्हणतो, आणि रोसाच्या कढीत दुधाची उणीव त्याला कधी भासलेली नाही. तेच सोयाबीन, जे १९६० नंतर जबलपूरच्या कृषिविद्यापीठाच्या प्रयत्नांनी मध्य प्रदेशात रुजले, आज दूध म्हणून अनेकांस नकोसे वाटते. त्याच्या कच्च्या शेंगेसारख्या वासाला नाके मुरडतात. वडी म्हणून काळ्या रश्श्यात शिजवले की तीच नाके तक्रार करीत नाहीत.

बुऱ्हाणपूरची ख्याती आज ज्या मिठाईवर आहे ती मावा जिलबी. जाड, गडद, आत ओलसर. ती जिलबीपेक्षा गुलाबजामाची बहीण शोभते. तिच्यातला मावा काढून काजूचा किंवा नारळाचा लगदा घातला तर काय उरेल, हे इतवाऱ्यातील कोणत्याही खवय्यास विचारावे. तो उत्तर देण्याचीही तसदी घेणार नाही. नेहमीची मैद्याची जिलबी मात्र पिठाच्या आंबण्यावर उभी असते. दही न घालता आंबवली आणि तेलात तळली, तर तिच्यात दुधाचा थेंबही नसतो, आणि तिला बदली जिलबी कोणी म्हणत नाही.