समेट-मध्यस्थ आणि गाव मुन्सफ

सरकारी पगारी न्यायाधीश नसलेल्या स्थानिक माणसांनी शेतकऱ्यांचे दिवाणी तंटे हाताळण्याची ही व्यवस्था. शेतकरी कर्जनिवारणाच्या १८७९ च्या कायद्याने ती अहमदनगर (आजचा अहिल्यानगर), पुणे, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांत आली. या कायद्याच्या मुळाशी सावकारांविरुद्धचा असंतोष होता: मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात पेटलेला उठाव पारनेर-श्रीगोंद्याकडेही पसरला होता. लोकांनी मुख्यतः कर्जरोखे हिसकावून जाळले. कर्जदार कुळ गैरहजर असताना त्याच रोख्यांवर कोर्टातून एकतर्फी हुकूमनामे निघत, हे त्यामागचे मोठे दुखणे होते.

गाव मुन्सफ म्हणून पाटील किंवा गावात वजन असलेला दुसरा कोणी नेमला जाई. दहा रुपयांपर्यंतच्या दाव्याचा निकाल तो स्वतः देई. लाच किंवा उघड पक्षपात झाल्यास जिल्हा न्यायाधीश तो निकाल रद्द करू शके.

समेट-मध्यस्थाला मात्र निकाल देण्याचा अधिकारच नव्हता. पोलीस अधिकारी सोडून कोणालाही या कामी नेमता येई. तो दोन्ही पक्षांना बोलावून पाळीपाळीने त्यांची बाजू ऐके, हिशेबाच्या वह्या पाही आणि तडजोडीसाठी किंवा लवादासाठी मन वळवी. साक्षीदाराचे ऐकायचे, पण जबानी लिहून घ्यायची नाही, असा दंडक होता. पक्षकाराने लेखी कबूल केल्यास सर्वांसमक्ष शपथ घेतली जाई. वकिलाला मज्जाव होता; नातलग किंवा नोकर बाजू मांडू शके.

समेट झाला की करार लिहून, वाचून दाखवून सह्या घेत आणि तो कोर्टाकडे धाडत. महिनाभरात सबळ हरकत आली नाही, तर त्याला हुकूमनाम्याचे बळ मिळे. समेट फिसकटल्यास मध्यस्थ दाखला देई. त्या दाखल्याशिवाय शेतकऱ्याविरुद्धचा दावा कोर्टात दाखलच होत नसे, आणि मध्यस्थाची खरी सत्ता इथेच होती. दाखल्यापायी गेलेला वेळ मुदतीच्या कायद्यातून वगळला जाई.

याच योजनेत एक गंभीर उणीव राहिली. कोर्टाला रोख्यामागचा सारा व्यवहार मुळापासून तपासावा लागे. समेटाच्या कराराची मात्र तशी तपासणी सक्तीची नव्हती. अडलेल्या कुळाने चावडीवर मान डोलावली, की फुगवलेली रक्कमही पक्की होऊ शके. कायद्याच्या अंमलावर देखरेख करणाऱ्या खास न्यायाधीशांत महादेव गोविंद रानडे होते. समेटाचे प्रकरण पुढे कायद्यातून वगळले गेले आणि मूळ कायद्याची जागा १९४७ च्या कर्जनिवारण कायद्याने घेतली.