शालजोडीपासून स्वेटरपर्यंत: काश्मीरच्या लोकरीचा प्रवास

आजचा विषय तसा घरगुती आहे. थंडी आली की दुकानांत ‘कॅशमिअर’ अशी चिठ्ठी लावलेले स्वेटर दिसू लागतात. तो घ्यावा कसा, जपावा कसा, हे प्रश्न बहुतेकांना पडतात. पण त्यांची उत्तरं इतिहासात आहेत, म्हणून आपण तिकडूनच सुरुवात करू.

कॅशमिअर म्हणजे काश्मीर, हे उघडच आहे. गंमत अशी की ही बकरी काश्मीरच्या खोऱ्यातली नव्हेच. ती लडाख आणि तिबेटच्या चांगथांग पठारावरची. तिथल्या कडाक्याच्या थंडीत तिच्या राठ केसांखाली मऊ लव उगवते, तिला फारसीत पश्म म्हणतात. हिवाळा सरला की चांगपा पशुपालक ती कंगव्यानं विंचरून काढतात. एका बकरीपासून साधारण दोन-अडीचशे ग्रॅम कच्चा माल मिळतो, आणि राठ केस काढल्यावर निम्म्याहून कमी उरतो. म्हणजे एका स्वेटरमागे तीन-चार बकऱ्यांची वर्षभराची लव लागते. ‘अस्सल कॅशमिअर, फक्त पाचशे रुपयांत’ ही पाटी का खोटी, ते इथेच कळतं.

या लोकरीसाठी राजकारण झालं. 1684 च्या तिंगमोसगांग तहानं तिबेटच्या पश्मीचा व्यापार लडाखमार्गे काश्मीरकडे बांधून दिला. पुढं 1841 मध्ये जोरावरसिंग तिबेटवर चालून गेला, त्यामागेही हा व्यापार होता. 1846 च्या अमृतसर तहात गुलाबसिंगानं इंग्रजांना दरवर्षी काय द्यायचं ठरलं? एक घोडा, बारा शालबकऱ्या आणि तीन शालजोड्या! हा ‘जोडी’ शब्द आपल्या ओळखीचा. अकबरानं शाल दुहेरी पांघरायची चाल पाडली, असं अबुल फजल ‘आइन-इ-अकबरी’त नोंदवतो. पेशवाईत मानाची वस्त्रं म्हणून शालजोडी दिली जाई, आणि गोड शब्दांत टोला हाणला की आपण आजही ‘शालजोडीतला दिला’ म्हणतो.

पण ही शाल विणणाऱ्याला काय मिळालं? काश्मीरमध्ये शालींवर ‘दाग-शाल’ नावाचं खातं कर बसवत असे. विणकर कर्जात रुतलेला, धंदा सोडायचीही मुभा नाही. 29 एप्रिल 1865 रोजी श्रीनगरचे विणकर रस्त्यावर उतरले. सैन्य त्यांच्यावर चालून गेलं आणि पळताना कित्येक जण पाण्यात बुडून मेले. पाचच वर्षांनी फ्रान्स-प्रशिया युद्धानं शालीची मोठी फ्रेंच बाजारपेठ कोसळली. इकडे स्कॉटलंडच्या पेस्लीत आपल्या कोयरीची नक्कल स्वस्तात निघतच होती. 1877 नंतरच्या दुष्काळानं उरलासुरला धंदाही मोडला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ डॉसननं लव आणि राठ केस वेगळे करणारं यंत्र इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला तयार केलं. हाताचं काम यंत्राकडे गेलं, शालीची जागा विणलेल्या स्वेटरनं घेतली. 1930 च्या दशकात हॉइक गावच्या कारखान्यांनी ट्विनसेट लोकप्रिय केला: आत पातळ स्वेटर, वर बटणांचा. म्हणजे पुन्हा शालजोडीच! तत्त्व एकच, दोन पातळ थरांमध्ये हवा अडकते आणि ऊब टिकते. म्हणून पुण्या-नाशिकच्या थंडीला जाडजूड स्वेटर नको. सुती शर्टावर पातळ, दोन पदरी धाग्याचा स्वेटर पुरतो. रात्री वर जाकीट घालावं.

निवडताना फक्त मऊपणाला भुलू नये. तंतू आखूड असले तरी माल हाताला मऊ लागतो, पण लवकर गोळे धरतो. तळव्यानं हलकेच चोळून पाहावं. कापड ताणून सोडल्यावर पूर्ववत झालं तर वीण घट्ट आहे. अंगठीतून शाल काढून दाखवतात, त्यानं कापड पातळ आहे एवढंच सिद्ध होतं.

आता निगा. लोकर म्हणजे केसच. केसांना धुण्याचा सोडा आणि उकळतं पाणी चालत नाही, तसं हिलाही नाही. कोमट पाणी, रिठा किंवा सौम्य शांपू. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावं आणि सावलीत आडवं पसरून वाळवावं. हँगरला टांगलं की खांदे लोंबतात, म्हणून घडीच बरी. कसर लागते ती घामाच्या, डागाच्या कपड्याला आधी. तेव्हा धुतल्याशिवाय ट्रंकेत ठेवू नये.

एक गोष्ट शेवटी. 2008 मध्ये ‘काश्मीर पश्मिना’ला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात हातानं कातणं आणि हातमागावर विणणं आवश्यक धरलं आहे. यंत्राच्या सुतामुळे खोऱ्यातल्या चरख्यावर कातणाऱ्या बायांचं काम गेलं होतं, त्यांना हा आधार. शाल घेताना ती खूण आपण जरूर विचारावी. आणि स्वेटर असो की शाल, एकच घ्यावी आणि वीस वर्षं वापरावी. तीन-चार बकऱ्यांचा हिवाळा आणि कुणाचे तरी हात त्यात आहेत, त्यांचा तेवढा मान आपण राखू शकतो.