व्हिडिओ स्ट्रीमिंग, आरंभकाळ (शिवाजी पार्क–प्रभादेवी)

चलच्चित्राची फाइल पूर्ण उतरवून न घेता ती इंटरनेटवरून येत असतानाच पाहण्याची पद्धत. शिवाजी पार्कच्या दक्षिणेस दोन पत्ते या विषयात महत्त्वाचे ठरतात : कीर्ती महाविद्यालयाजवळ, काशिनाथ धुरू मार्गावरचे विदेश संचार निगमचे लोकमान्य विदेश संचार भवन आणि वीर सावरकर मार्गावरचे राजश्री प्रॉडक्शन्स.

वाहतूक : विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. रिअलव्हिडिओ हे स्ट्रीमिंगचे तंत्र १९९७ मध्ये आले. त्याच वर्षी कार्यान्वित झालेली फ्लॅग ही सागरी केबल निगमच्या प्रभादेवी येथील स्थानकात उतरली. पुढे सी-मी-वी-३ हीही तेथेच आली. त्या काळी चलच्चित्रे बहुतांशी परदेशी सर्व्हरवर असत. दादरच्या प्रेक्षकाने पाहिलेली मिनिटभराची क्लिपही समुद्रातून येई आणि पडद्यावर ‘बफरिंग’ हा शब्द क्लिपपेक्षा जास्त वेळ दिसे. २००४ साली रिलायन्सने फ्लॅग विकत घेतल्यानंतर तिच्या मुंबईतील क्षमतावाढीवरून निगमशी झालेला वाद आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला.

साठवण : चलच्चित्रांमुळे साठवण-उपकरणांना अमाप मागणी येईल, ही त्या काळातील अपेक्षा अर्धीच खरी होती. ५६ किलोबिट मोडेमसाठी सेकंदाला ३४ किलोबिट या वेगाने घडवलेली तासाभराची प्रत जेमतेम १५ मेगाबाइट भरते. ती एकाने पाहिली काय, हजारांनी पाहिली काय, डिस्कवर जागा तेवढीच लागते. वाढतो तो वाहिनीवरचा भार. सेकंदाला ३०० किलोबिट या दर्जाचे चित्र घेतले, तर १५५ मेगाबिटची अख्खी वाहिनी एका वेळी सुमारे ५०० प्रेक्षकांतच संपते. उलट व्हीसीडीच्या व्यवहारात दर घरी एका चित्रपटाच्या दोन-तीन तबकड्या लागत, म्हणजे साठवणीचा खर्च प्रेक्षकाच्या माथी असे. स्ट्रीमिंगने ती घरातली प्रत काढून टाकली. साठवण कंपन्यांना खरे काम मिळाले ते प्रेक्षकाजवळच्या सर्व्हरांवर प्रती ठेवण्यात आणि प्रेक्षक स्वतः चित्रे चढवू लागल्यावर. यातील दुसरे उशिरा आले. तोवर बाजार कोसळला होता : ईएमसी या अमेरिकी साठवण कंपनीचा २००० साली शंभर डॉलरांवर गेलेला समभाग २००२ मध्ये पाच डॉलरांखाली आला. यात डॉटकॉम पडझडीचा वाटा मोठा आहे, तरीही मागणीचा अंदाज मुळातच चुकीच्या पायावर होता असे म्हणावे लागते.

चित्रपट : सूरज बडजात्या दिग्दर्शित ‘विवाह’ १० नोव्हेंबर २००६ रोजी चित्रपटगृहांत आणि राजश्रीच्या संकेतस्थळावर एकाच वेळी प्रदर्शित झाला. असा हा पहिलाच चित्रपट, असा दावा केला जातो. ९.९९ डॉलर भरून तो डाउनलोड करता येई. प्रत प्रेक्षकाच्या हार्ड डिस्कवर राहत असल्याने काटेकोर अर्थाने हे स्ट्रीमिंग नव्हे. ‘राजश्री मराठी’ ही यूट्यूब वाहिनी नंतरची.

देवस्थान : प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिराच्या संकेतस्थळावर थेट दर्शनाची सोय आहे.

मालकी : २००२ साली निगम टाटा समूहाकडे गेला, २००८ पासून नाव टाटा कम्युनिकेशन्स. २०१६ मध्ये कंपनीने भारत व सिंगापूरमधील डेटा सेंटर व्यवसायातील ७४ टक्के हिस्सा सिंगापूरच्या एसटी टेलिमीडियाला विकला.