पाणी निवळ, प्रवाळ उपाशी

काचेच्या टाकीत समुद्राचं पाणी भरून त्यात प्रवाळ जगवण्याचा खटाटोप पावणेदोनशे वर्षं चालू आहे. त्याचा इतिहास बहुतेक वेळा गाळण्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी कुजकं पाणी, मग बरी गाळणी, मग त्याहून बरी, आणि शेवटी नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर आलेलं नितळ पाणी. मला ही मांडणी अर्धीच पटते. ज्या पद्धतींत प्रवाळ खरोखर वाढले, त्यांनी पोषणद्रव्यं संपवली नव्हती; एका जिवाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात फिरती ठेवली होती. शून्याचा आग्रह हा त्या यशाचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे आला. (कठीण प्रवाळ २००१ पासून भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून ही कहाणी परदेशातल्या टाक्यांचीच आहे.)

सुरुवातीच्या लोकांना हे फिरतेपण उमगलं होतं. ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून दगडी प्रवाळ लंडनला आणले. उघड्या खिडकीपाशी ते पाणी रोज या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं जाई, म्हणजे त्यात हवा मिसळे; पुढच्या वर्षी त्यांनी समुद्री वनस्पती आणून ठेवल्या. थंड समुद्रातले ते प्रवाळ काटक होते, हे खरं. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोड्या पाण्यात मासे, पाणवनस्पती आणि कुजकी पानं खाणाऱ्या गोगलगायी यांचा मेळ बसवून दाखवला. एकाचा मळ तो दुसऱ्याचा घास, हा त्यांचा हिशेब होता. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या पुस्तकाने समुद्री टाक्यांचं वेड इंग्लंडभर पसरवलं.

विसाव्या शतकात खडीखालची गाळणी आली आणि हिशेब अर्ध्यावर तुटला. हवेच्या जोरावर पाणी खडीतून खाली ओढलं जाई. खडीवरचे जिवाणू विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करत. मासे जगले, पण नायट्रेट साठतच गेलं, कारण प्राणवायूने भरलेल्या त्या खडीत त्याचा पुढे वायू करणाऱ्या जिवाणूंना जागा नव्हती. त्याच काळात, १९६१ मध्ये, जकार्ताच्या ली चिन एंग यांनी गाळणीच नसलेली पद्धत लेखातून मांडली: समुद्रातले जिवंत खडक, ताजं खारं पाणी आणि हवेचे बुडबुडे. त्यांच्या हाताशी समुद्र होता. लांबच्या प्रवासात खडकावरचे जीव मरतात आणि टाकीतच कुजतात, म्हणून ही युक्ती जशीच्या तशी सगळीकडे चालण्यासारखी नव्हती. तरी खडकाच्या खोल भेगांत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे नायट्रेटचा नायट्रोजन होऊन उडून जातो, ही किल्ली त्या पद्धतीत दडलेली होती.

ही किल्ली नीट वापरली ती जर्मन हौशी मंडळींनी. बर्लिन पद्धत म्हणून जी ओळखली जाते, तिच्यात जिवंत खडक, प्रखर दिवे, चुन्याची निवळी आणि फेस काढणारं यंत्र अर्थात स्किमर एवढाच पसारा. पेटर विल्केन्स यांनी निवळीचा प्रसार केला. बर्लिनच्या डीट्रिच श्ट्यूबर यांच्या टाकीतल्या ॲक्रोपोरा या प्रवाळाच्या फांद्या तोडून तोडून असंख्य टाक्यांत गेल्या. त्या सुमारास वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियनमध्ये वॉल्टर एडी यांनी अगदी उलट वाट धरली. वेगळ्या जाळीवर पोषणद्रव्यं शोषणारं शैवाल मुद्दाम वाढवायचं आणि नियमित खरवडून काढायचं. मोनॅकोत झां झोबेर यांनी वाळूच्या थराखाली संथ पाण्याची पोकळी ठेवून तेच काम वाळूतल्या जिवाणूंवर सोपवलं. साधनं इतकी परस्परविरोधी असूनही तिन्हीकडे प्रवाळ जगले. मग यशाचं श्रेय एकट्या स्किमरला कसं द्यायचं? पण घडलं तसंच. पुढे व्होडका किंवा साखर घालून जिवाणू पोसायचे, त्यांनी नायट्रेट-फॉस्फेट गिळायचं आणि स्किमरने ते जिवाणू फेसाबरोबर बाहेर काढायचे, इथवर मजल गेली.

यावर आक्षेप येतो आणि तो हलका नाही. प्रवाळाचा समुद्र मुळातच पोषणद्रव्यांनी गरीब असतो. हवाईच्या कानेओहे उपसागरात सांडपाणी सोडलं तेव्हा शैवालाने प्रवाळ गुदमरले, आणि १९७७-७८ मध्ये ते पाणी खोल समुद्राकडे वळवल्यावर शैवाल ओसरू लागलं. फॉस्फेट फार झालं तर चुन्याचा सांगाडा विरळ होतो, हेही खरं. पण सांडपाण्यात गाळ असतो, गढूळपणा असतो. १९९३ ते १९९६ दरम्यान ऑस्ट्रेलियाच्या वन ट्री बेटावर छोट्या प्रवाळबेटकांना नुसतं नायट्रोजन आणि फॉस्फरस देऊन पाहिलं, तेव्हा प्रवाळांची वाढ आणि प्रजनन बिघडलं, पण अपेक्षेसारखा सर्वनाश झाला नाही. आणि समुद्राचं पाणी गरीब म्हणजे समुद्र उपाशी, असं नव्हे. तिथे लाटांबरोबर प्लवक अखंड येत राहतं, मासे खातात, हगतात. पाण्यात सापडतं ते उरलेलं. संध्याकाळी गल्ल्यात काय शिल्लक आहे यावरून दिवसभराचा धंदा कळत नाही, तसंच हे. उलट चाचणीत शून्य दिसणाऱ्या टाकीत शैवाल माजलेलं असू शकतं. सगळं तेच खात असतं.

प्रयोगशाळेने हे उशिरा सांगितलं. साउदॅम्प्टनच्या यॉर्ग वीडनमान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट अपुरं असलं तर प्रवाळ उष्णतेने लवकर पांढरे पडतात. नुसत्या नायट्रेटपेक्षा फॉस्फेटची उपासमार घातक. २०२३ मध्ये त्याच गटाने मांडलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल शेतीसारखं वाढवतात आणि त्यातलं काही पचवतात. पाण्यात खतच नसेल तर हे शेत पिकणार कसं? अतिस्वच्छ टाक्यांत फिकट पडलेले प्रवाळ आणि तपकिरी चिकट डायनोफ्लॅजेलेट्सचे थर पाहून हौशी मंडळी स्वतःच या निष्कर्षाकडे येत होती. आता पुष्कळ जण नायट्रेट लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या आसपास राखतात, तेही आकड्यापेक्षा स्थैर्याला जपून. फॉस्फेट शोषून घेणारे लोहाचे दाणे आणि फॉस्फेट घालायच्या बाटल्या आज एकाच फळीवर विकायला असतात. गिऱ्हाईकही पुष्कळदा तेच असतं.