बुद्धीचे मोल आणि फ्लॉरेन्सची दारे

विटा, चुना आणि सागवान विकत घेण्याचा व्यवहार सोपा असतो. माल डोळ्यांसमोर असतो, तो पारखता येतो, चार व्यापाऱ्यांचे भाव मागवून त्यांतील कमी भाव स्वीकारता येतो. परंतु एखाद्या नगराला, संस्थेला वा धर्मग्रामाला वेदीवरचे चित्र, मंदिराचा आराखडा किंवा शताब्दीचा इतिहास हवा असेल, तर विकत घ्यावयाची वस्तू अजून जन्मालाच आलेली नसते. ती कोणाच्या तरी बुद्धीत आणि बोटांत दडलेली असते. जे अद्याप अस्तित्वात नाही त्याचे मोल कसे ठरवावे, आणि लोकांच्या पैशातून ते चुकते करताना न्याय कसा राखावा? सहाशे वर्षांपूर्वी इटलीतील फ्लॉरेन्स नगरापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. त्या नगराने शोधलेली वाट आपणही डोळसपणे न्याहाळावी, असे आम्हांला वाटते.

फ्लॉरेन्सच्या महामंदिरासमोर संत योहान बाप्तिस्ता ह्याच्या नावाचे अष्टकोनी स्नानसंस्कारगृह आहे. त्या काळी नगरातील बालकांचा बाप्तिस्मा येथेच होत असे; महाकवी दान्ते ह्याचाही येथेच झाला. ह्या वास्तूची देखभाल कालिमाला नावाच्या कापडव्यापाऱ्यांच्या संघाकडे होती. संघाने आंद्रेआ पिसानो ह्या शिल्पकाराकडून ब्राँझच्या दारांची पहिली जोडी करवून घेतली होती. ती १३३६ साली पूर्ण झाली. १४०१ मध्ये दुसरी जोडी करविण्याचे ठरले. दिवस सुखाचे नव्हते. १४०० साली नगरावर प्लेगची साथ कोसळली होती आणि मिलानचा ड्यूक जानगालेआत्सो व्हिस्कोंती फ्लॉरेन्सभोवतीचा आपला फास आवळीत होता. अशा वेळी केवळ काटकसरीचा विचार झाला असता तर दारांचा विषय पुढे ढकलला गेला असता. व्यापाऱ्यांनी तसे केले नाही. त्यांनी स्पर्धा जाहीर केली.

ह्या स्पर्धेची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. इच्छुकांतून सात कारागीर निवडण्यात आले. प्रत्येकाला धातूचे चार पत्रे आणि एक वर्षाची मुदत देण्यात आली. ह्या वर्षभरासाठी त्यांच्या निर्वाहाची तरतूदही केली होती, असे चरित्रकार वासारी लिहितो. विषय सर्वांना एकच होता: जुन्या करारातील आब्राहामाने मांडलेले इसहाकाचे अर्पण. तो मोठ्या विचाराने निवडलेला दिसतो. उघडे शरीर, वस्त्रांच्या चुण्या, जनावरे, डोंगर, झाडे आणि भावनांचा कल्लोळ हे सारे एकाच चौपाकळी चौकटीत बसवावयाचे होते. कोण काय करू शकतो, हे त्या एकाच तुकड्यावरून कळणार होते. परीक्षक चौतीस होते. त्यांत चित्रकार, सोनार आणि मूर्तिकार होते, म्हणजे ज्यांना धातूची आणि छिन्नीची भाषा समजत होती अशी माणसे.

अखेरीस दोन तरुण सोनारांची नावे पुढे आली: लोरेन्झो गिबेर्ती आणि फिलिप्पो ब्रुनेलेस्की. दोघेही पंचविशीच्या आसपासचे. त्यांच्या हातचे ते दोन नमुने फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहेत. ब्रुनेलेस्कीच्या शिल्पात आब्राहामाची सुरी मुलाच्या गळ्याला भिडली आहे आणि देवदूताने धावून त्याचे मनगट पकडले आहे. पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते. गिबेर्तीचे शिल्प अधिक संयत, अधिक प्रवाही आहे. त्यातील इसहाकाचे शरीर पाहात राहावे असे सुंदर आहे. शिवाय गिबेर्तीने बहुतेक सारे काम एकसंध ओतले होते. त्याचा नमुना प्रतिस्पर्ध्याच्या नमुन्यापेक्षा सुमारे सात किलो हलका भरला. संपूर्ण दारात अठ्ठावीस चौकटी होत्या. म्हणजे त्याच प्रमाणात धरले तर जवळजवळ दोनशे किलो धातूची बचत! कापडाचा गज मोजणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट निसटली असेल असे वाटत नाही. मात्र हा हिशेब कौशल्याची परीक्षा झाल्यावर आला, आधी नव्हे.

निकालाविषयी दोन साक्षी आहेत. आपल्याला एकमताने विजयी ठरविले, असे गिबेर्ती आपल्या आठवणींत लिहितो. ब्रुनेलेस्कीचा चरित्रकार मानेत्ती मात्र सांगतो की, काम दोघांनी मिळून करावे असा कौल होता आणि ब्रुनेलेस्कीने तो नाकारला. एक साक्ष जेत्याची, दुसरी पराभूताच्या चाहत्याची. खरे-खोटे करण्याच्या भरीस न पडता आम्ही एवढेच म्हणू की, दोन्ही नमुने जपले गेले हीच नगराची प्रामाणिक साक्ष. कोणालाही ते शेजारी शेजारी पाहून स्वतःचा निर्णय करता येतो.

निवड झाली म्हणून डोळे मिटून विश्वास टाकला गेला नाही. १४०३ साली करार झाला. पुढे काम रेंगाळू लागले तेव्हा १४०७ मध्ये नवा करार करण्यात आला. त्यानुसार गिबेर्तीने कामाच्या प्रत्येक दिवशी, रोजंदारीच्या माणसाप्रमाणे, स्वतःच्या हाताने काम करावयाचे होते. बुडालेल्या वेळेची नोंद ठेवली जाणार होती. वेतन वर्षाला दोनशे फ्लोरिन होते. मधल्या काळात विषयही पालटला आणि दारावर प्रभू येशूचे जीवन आले. १४२४ साली दारे बसली. गिबेर्तीच्या सांगण्यानुसार खर्च सुमारे बावीस हजार फ्लोरिन झाला. १४२५ मध्ये तिसऱ्या जोडीचे काम त्यालाच देताना स्पर्धा झाली नाही. लेओनार्दो ब्रुनी ह्या विद्वानाने त्यासाठी विषयांची यादी करून दिली होती, तरी गिबेर्तीला आपल्या बुद्धीप्रमाणे रचना करण्याची मोकळीक मिळाली. १४५२ साली पूर्ण झालेली ही दारे ‘स्वर्गाची दारे’ म्हणून जगाला ठाऊक आहेत. आधी परीक्षा, मग देखरेख आणि शेवटी स्वातंत्र्य, असा हा विश्वासाचा क्रम होता.

पराभूत ब्रुनेलेस्कीचे काय झाले? महामंदिराचा सुमारे पंचेचाळीस मीटर रुंदीचा घुमट कसा उभारावा, हे कोडे नगराला कित्येक वर्षे छळत होते. १४१८ च्या ऑगस्टमध्ये महामंदिराच्या बांधकाम मंडळाने नमुने मागविले आणि दोनशे फ्लोरिनचे बक्षीस लावले. त्या जाहीरनाम्यातील एक कलम आम्हांला विशेष मोलाचे वाटते: ज्याची योजना स्वीकारली जाणार नाही, त्यालाही त्याच्या श्रमाचा योग्य मोबदला मिळेल. जमिनीपासून लाकडी सांगाडा न उभारता घुमट बांधण्याची ब्रुनेलेस्कीची कल्पना अनेकांना वेडेपणाची वाटली. मंडळाने १४२० मध्ये त्याला, गिबेर्तीला आणि गवंड्यांचा प्रमुख बात्तिस्ता दांतोनियो ह्याला एकत्र नेमले. सुमारे साडेसतरा मीटर उंचीपर्यंत काम न्यावे आणि पुढचे अनुभव शिकवील त्याप्रमाणे ठरवावे, असे ठरले. आरंभी ब्रुनेलेस्की व गिबेर्ती ह्यांना दरमहा सारखेच तीन फ्लोरिन मिळत. कोणाची बुद्धी काम तारून नेते हे दिसून आल्यावर, १४२६ मध्ये, ब्रुनेलेस्कीचे वेतन वर्षाला शंभर फ्लोरिन करण्यात आले. गिबेर्तीचे होते तेवढेच राहिले. २५ मार्च १४३६ रोजी, देवदूताच्या निरोपाच्या सणादिवशी, पोप चौथे युजीन ह्यांनी ह्या महामंदिराचे पवित्रीकरण केले.

हा इतिहास आजही शिळा झालेला नाही. भारत सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतही सल्लागार नेमताना गुणवत्ता आणि खर्च ह्या दोहोंना गुण देऊन निवड करण्याची पद्धत सांगितली आहे. पण आपल्या धर्मग्रामांत काय घडते? मंडपवाल्याचे आणि जेवणावळीचे बिल आपण वेळेवर चुकते करतो. मात्र स्मरणिकेचा इतिहास लिहिणाऱ्याला, गायनाला चाल लावणाऱ्याला, वेदीचा आराखडा काढणाऱ्याला सहज म्हणतो, ‘‘देवाचेच काम आहे, त्याचे पैसे कसले?’’ सेवाभावाने कोणी विनामूल्य दिले तर ते दान होय आणि त्याचा आदर व्हावा; परंतु दान हे देणाऱ्याने ठरवावयाचे असते, घेणाऱ्याने नव्हे. तिघांकडून आराखडे मागवून दोघांचे कागद आभाराविना परत करणे, किंवा त्यांतील कल्पना उचलून तिसऱ्याकडून स्वस्तात काम उरकणे, हा मजुरी बुडविण्याचाच प्रकार आहे. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळावी ही प्रभूची शिकवण शेतमजुरापुरती मर्यादित नाही.

फ्लॉरेन्सचे व्यापारी काही संत नव्हते. हिशेबाला ते पक्के होते. तरीही जाणकारांना परीक्षक नेमावे, सर्वांना सारखी संधी द्यावी आणि न जिंकणाऱ्याच्याही घामाची किंमत करावी, एवढे शहाणपण त्यांनी दाखविले. एका स्पर्धेत मागे पडलेला माणूस म्हणूनच त्या नगराला दुरावला नाही. आणि आज दुरून फ्लॉरेन्सकडे येणाऱ्याला सर्वप्रथम दिसतो तो त्याचाच घुमट.